पत्र्याचं शेड पडत नाही, उडतं

मागच्या दिवाळीत सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीजवळ मामांच्या मळ्यात बसले होते. मामांनी वहीच्या पानावर पेन्सिलीनं एक चौकोन काढला होता, साठ फूट बाय शंभर फूट. "ह्यात हळद बसंल, सोयाबीन बसंल, ट्रॅक्टर-रोटर बसंल, एका कोपऱ्यात खत. तू फकस्त खर्च सांग." शेजारी दोन कोटेशनं पडली होती. एक ओळखीच्या फॅब्रिकेटरचं, अर्ध्या पानाचं. दुसरं प्रीफॅब शेड बनवणाऱ्या कारखान्याचं, बारा पानांचं आणि सगळं इंग्रजीत. दरात फारसा फरक नव्हता. पण दोन्ही कागदांत एकच शेड विकलं जात होतं का, हे मामांना त्यावरून कळणं शक्य नव्हतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. शेतकरी असं शेड आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बांधतो आणि त्यात दोन-तीन हंगामांची शिल्लक ओततो. तेवढ्या पैशांची वस्तू घेताना निदान ती उभी कशी राहते हे त्याला माहीत असावं, म्हणून त्या दिवशी मामांशी झालेलं बोलणं इथं लिहिते आहे.

मी त्यांना आधी विचारलं, "मामा, शेडला सगळ्यात मोठा धोका कशाचा?"

"वजनाचा. वरचा भार खांबांवर येतो न्हवं?"

आपल्या घरांच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. धाब्याचं घर, कौलारू घर, स्लॅबचं घर ही सगळी जड. त्यांच्या भिंतींचं आणि खांबांचं सारं आयुष्य वरचं वजन जमिनीत उतरवण्यात जातं. पत्र्याच्या शेडचं मात्र उलटं आहे. ते इतकं हलकं असतं की त्याचा खरा झगडा वजनाशी नसून वाऱ्याशी असतो, आणि वारा त्याला खाली दाबत नाही, वर ओढतो.

अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साडेचार-पाच किलो भरतो. त्याखालच्या पर्लिनी (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या), फ्रेम, बोल्ट सगळं धरलं तरी असं शेड चौरस मीटरला २५ किलोंच्या आसपास जातं. आता वाऱ्याचं बघू. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. आपल्याकडच्या हिशेबासाठी इथं तोच धरते. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ नं गुणलं की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ गुणिले ३९ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ९१२. आपल्या भाषेत चौरस मीटरला ९० किलोंच्या थोडं वर.

मामांचं साठ बाय शंभरचं छप्पर साधारण ५५७ चौरस मीटर होतं. वाऱ्यानं चौरस मीटरला ९० किलोंनी ते वर ओढलं, तर एकूण ओढ ५० टनांची. शेडचं स्वतःचं वजन १४ टन. उरलेले ३६ टन कोण धरून ठेवणार? हे गणित मी मामांच्या वहीतच त्या चौकोनाखाली केलं, आणि ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात छपराचा उतार, उंची, आजूबाजूची झाडं-घरं आणि शेडला किती बाजूंनी भिंती आहेत यावर आकडा खाली-वर होतो. त्यातही सगळ्यात वाईट अवस्था असते ती एका बाजूनं उघड्या शेडची. वारा समोरून आत शिरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग तो आतून छपराला वर ढकलतो आणि वरचा वारा बाहेरून ओढतो. ट्रॅक्टर आत-बाहेर करायला सोपं म्हणून आपण नेमकी हीच रचना करतो. चार बाजूंनी बंद शेडचं शटर वळवाच्या संध्याकाळी उघडं राहिलं तरी हेच होतं. एप्रिल-मे महिन्यांत वळवानं पत्रे उडाल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतली कितीतरी शेडं वजनानं कधीच पडली नसती.

जागेचाही फरक पडतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. टेकडीची कड चढताना वारा वेग घेतो, आणि त्यासाठी मानकात वेगळा गुणक आहे. कोरेगाव किंवा पाटण भागात डोंगराच्या माथ्यावर शेड बांधणाऱ्यानं नदीकाठच्या पाहुण्याचं ड्रॉइंग जसंच्या तसं वापरू नये.

याच मानकात एक बारीक नोंद आहे, आणि ती शेतकऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. माणसं राहत नाहीत अशा शेतीच्या इमारतींना त्यात कमी धोक्याच्या गटात टाकलं आहे. त्यांचं आयुष्य ५० ऐवजी २५ वर्षं धरायची मुभा आहे. ३९ च्या पट्ट्यात त्यासाठी वेगाला ०.९२ नं गुणतात. बळ वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून ते जवळपास १५ टक्के कमी होतं. कायद्यानं यात चूक काही नाही. पण ज्या शेडात वर्षाची हळद थप्पीला लागणार आहे आणि दिवसभर माणसं राबणार आहेत, त्याला मी तरी ही सूट घेणार नाही. "डिझाइन किती वर्षांचं धरलंय?" हा प्रश्न कोटेशन देणाऱ्याला विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर डिझाइन झालेलंच नाही असं समजायला हरकत नाही.

सांगाडा उभा कसा राहतो

आता प्रीफॅब म्हणजे काय ते. आपल्याकडे सरसकट प्रीफॅब म्हणतात, पण या जातीच्या शेडचं बाजारातलं नाव पीईबी, म्हणजे प्री इंजिनिअर्ड बिल्डिंग. यात शेडचा प्रत्येक तुकडा कारखान्यात कापून, वेल्ड करून, भोकं पाडून, रंगवून, नंबर टाकून येतो आणि शेतात फक्त बोल्टांनी जोडला जातो. गावचा फॅब्रिकेटर पाइप किंवा अँगल आणून जागेवरच कैच्या, म्हणजे छपराखालचे त्रिकोणी सांगाडे, वेल्ड करतो. मुख्य फरक इथं आहे.

कारखान्याच्या फ्रेमकडे नीट बघितलंत तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. खांब तळाशी बारीक असतो, वर जाताना रुंद होत जातो, वळचणीपाशी तिरप्या तुळईला मिळतो तिथं सगळ्यात जाड होतो. तुळई पुन्हा मधे बारीक होते आणि आढ्याकडे तिची खोली पुन्हा बदलते. हे दिसायला छान म्हणून केलेलं नसतं. झाडाची फांदी बुंध्यापाशी जाड आणि शेंड्याला बारीक असते, कारण वाकवणारा जोर बुंध्यापाशी सगळ्यात जास्त असतो. फ्रेमला तो जोर वळचणीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त बसतो. म्हणून पोलाद तिथं ओतायचं, आणि जिथं जोर नाही तिथलं काढून घ्यायचं. बाजारात मिळणारा तयार गर्डर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मापाचा असतो, त्यामुळे अर्ध्या लांबीत पोलाद नुसतं बसून असतं. पीईबी हलकं पडतं ते यामुळे.

फ्रेमचा आडवा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा का, हेही एका फळीवरून कळतं. दोन विटांवर फळी आडवी टाकून मधे उभं राहिलं तर ती वाकते. तीच फळी कडेवर उभी धरली तर हलत नाही. वाकताना वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, मधलं लाकूड जवळपास निवांत असतं. म्हणून वर-खाली जाड पट्ट्या आणि मधे पातळ पत्ती.

या पातळपणाची किंमतही आहे. पातळ पत्ती वाकण्याआधी पिळवटते, म्हणून तिला ठिकठिकाणी आधार लागतो. तो आधार देतात पर्लिनी, त्यांच्यातल्या बारीक सळया आणि छपरातल्या-भिंतींतल्या तिरक्या ताणी. शेताच्या फाटकाला तिरकी पट्टी मारली नाही तर वर्षभरात ते लोंबतं, चौकोनाचा समांतरभुज होतो. शेडचंही तसंच. फ्रेम आपल्या रुंदीच्या दिशेनं मजबूत असते, लांबीच्या दिशेनं मात्र सगळा डोलारा या फुलीसारख्या ताण्यांवर असतो. पुढं कधीतरी ट्रॉली आत न्यायला आड येते म्हणून भिंतीतली फुली कापून टाकलेली शेडं मी पाहिली आहेत. तिथं दार हवंच असेल, तर इंजिनिअरला विचारून ती फुली शेजारच्या दोन फ्रेमांमधल्या गाळ्यात हलवायची. सांगाड्यात कशाला हात लावायचा नाही असं एकच सांगायचं झालं, तर मी त्या तिरक्या सळयांचं नाव घेईन.

मग मामांनी पीईबी घ्यावं का? माझं मत असं. रुंदी तीस-चाळीस फूट असेल तर गावच्या फॅब्रिकेटरचं पाइपच्या कैचीचं शेड उत्तम, फक्त त्याचं डिझाइन कागदावर झालेलं असावं. रुंदी पन्नास-साठ फुटांच्या पुढं गेली आणि मधे खांब नको असेल, तेव्हा पीईबीचा विचार करावा. रुंदी दुप्पट झाली की वाकवणारा जोर चौपट होतो, आणि चौपट जोरासाठी अंदाजानं पाइप निवडणं धोक्याचं आहे. मामांना मधे खांब खरंच नको होता, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आत वळवायचा होता. ज्याला तशी गरज नाही, त्यानं मधे खांबांची एक ओळ घेतली तर पोलाद बरंच वाचतं. ही गोष्ट आपण विचारल्याशिवाय विकणारा आपणहून सहसा सांगत नाही.

भूकंपाचंही मामांनी विचारलं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागातली वडीलधारी माणसं विसरलेली नाहीत. भूकंपाचं बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतं, म्हणून हलक्या शेडला त्याची फार झळ बसत नाही. शेडच्या आत उभी केलेली उंच विटांची भिंत मात्र कोसळू शकते. तिला सांगाड्याशी किंवा स्वतःच्या काँक्रीट खांबांशी बांधून घ्या.

जमिनीतलं काम

३६ टनांकडे परत येते. शंभर फुटांत वीस-वीस फुटांवर सहा फ्रेमा, म्हणजे बारा मुख्य खांब. प्रत्येकाच्या वाट्याला वर जाणारे तीन टन. घन मीटर काँक्रीटचं वजन सुमारे २.४ टन. म्हणजे प्रत्येक खांबाखाली निदान सव्वा घन मीटरचा ठोकळा हवा, किंवा खाली रुंद पाया करून त्यावर दाबलेल्या मातीचं वजन कामी लावायला हवं. त्यात सुरक्षिततेची भर घालायची ती वेगळीच. आणि ठोकळा कितीही मोठा असला तरी खांब त्याला धरून असतो तो चार अँकर बोल्टांनी. ते बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल गेलेत, खाली वळवलेला हूक किंवा प्लेट आहे का, हे ओतकामाच्या आधी बघता येतं, नंतर कधीच नाही.

म्हणून कारखान्याकडून पायावर येणाऱ्या बळांचा तक्ता मागा. त्यात खाली दाबणारा, वर ओढणारा आणि आडवा ढकलणारा असे तिन्ही आकडे असतात. बहुतेक कोटेशनांत "पाया ग्राहकाकडे" अशी एक ओळ असते, आणि मग तो पाया गावचा गवंडी घराच्या अंदाजानं घालतो. घराचा पाया खाली दाबणाऱ्या भारासाठी असतो. इथं भार वर जाणारा आहे.

पलूस, वाळवा, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या पायाला उचलते-बसवते. तिथं मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यायची, नाहीतर दोन वर्षांत काँक्रीटच्या फरशीला भेगा जातात आणि त्या भेगांतून ओल वर येते. जत-आटपाडीकडे मुरूम वरच लागतो, तिथं हा खर्च वाचतो. नदीकाठी आणखी एक दुखणं आहे, क्षारपड जमीन. तसल्या मातीतले क्षार काँक्रीटला आणि आतल्या सळईला खातात. खांबाची तळप्लेट जमिनीच्या पातळीला कधीच ठेवू नका. काँक्रीटचा ठोकळा फरशीच्या वर फूट-दीड फूट उचलून त्यावर खांब बसवा. ट्रॅक्टरचा धक्काही मग ठोकळ्याला लागतो, खांबाला लागत नाही.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम धरायचंच नाही. दोन रेषांच्या मधे जागा असेल तर जोतं उचला आणि महाग माल लोखंडी माळ्यावर चढवता येईल अशी सोय आधीच डिझाइनमध्ये घ्या. माळा नंतर जोडायचा म्हटलं तर खांब आणि पाया त्यासाठी केलेले नसतात. मामांच्या विहिरीच्या काठड्यावर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे. आम्ही तिथूनच मोजायला सुरुवात केली.

आतला माल कोरडा कसा राहील

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात, त्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे खड्डे. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागत नसे. महापुरांनी त्यांची वाट लावली, पण ती चालत का होती हे समजून घेण्यासारखं आहे. खाली जमिनीत तापमान बारा महिने जवळपास सारखं असतं आणि तोंड लिंपलं की आत नवी हवा जात नाही. ओल येत नाही, कीड जगत नाही.

पत्र्याचं शेड याच्या अगदी विरुद्ध टोकाचं आहे. मे महिन्यात दुपारी पत्रा हाताला चटका देतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे तोच पत्रा मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षाही थंड होतो. समजा, संध्याकाळी आतली हवा २५ अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची आहे. ती हवा सुमारे १७ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागाला लागली की तिथं दव धरतं. डिसेंबरात आपल्याकडे पहाटेचा पत्रा त्याहून सहज थंड असतो. मग पाऊस नसताना छपराच्या आतल्या बाजूनं थेंब टपकतात आणि माणसं म्हणतात पत्रा गळतोय. मेस्त्री येऊन सगळे स्क्रू सीलंटनं बुजवतो, तरी टपकणं थांबत नाही. थांबणारच नाही, कारण पाणी बाहेरून येतच नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही मिळून करायचे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यायचा, म्हणजे निदान ५० मिलिमीटर ग्लासवूल आणि त्याच्या आतल्या बाजूला फॉइल. फॉइल हवं ते ओलसर हवा थंड पत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून. ते फाटकं राहिलं की ग्लासवूल पाणी पितं आणि नसल्यापेक्षा वाईट होतं. दुसरं, आढ्याला हवा जायला वाट आणि खाली भिंतीत हवा यायला जाळीची खिडकी. वर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवून खाली हवा यायची वाट ठेवली नाही, तर ते काढणार काय? जाळी बारीक हवी. उंदीर आणि कबुतरं दोघांनाही ती वाट आवडते. बजेट कमी असेल तर निदान माल ठेवायच्या अर्ध्या भागात थर द्या आणि ट्रॅक्टरकडचा अर्धा सोडा, मधे पडदी घ्या. मामांनी हेच केलं.

अर्थात ओला माल आत टाकला तर कोणतंही शेड तो वाचवत नाही. हळद १० टक्क्यांच्या आसपास, सोयाबीन १० ते १२ टक्के, एवढी वाळल्यावरच थप्पी लावायची. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट मोकळी वाट.

भिंतीपासून लांब राहण्याला आणखी एक कारण आहे. मोकळं सोयाबीन दोन मीटर उंचीपर्यंत भिंतीला टेकवून ओतलं, तर तळाशी ते भिंतीला चौरस मीटरमागं ६०० किलोंच्या आसपास ढकलतं. धान्य पाण्यासारखं बाजूला पसरायला बघतं. तीच भिंत डिझाइन केलेली असते वाऱ्याच्या ९० किलोंसाठी. पत्रा फुगतो, पर्लिन वाकते, आणि एखाद्या रात्री ढीग शेजारच्या उसात. मोकळा माल साठवायचा असेल तर त्यासाठी वेगळी काँक्रीटची भिंत हवी आणि ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

पत्र्याला काय खातं, यावर थोडं थांबते, कारण आपल्या भागात हा विषय फार जवळचा आहे. आजकालच्या पत्र्यावर बहुधा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असा मुलामा असतो. बाजारात त्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात. उन्हापावसात तो साध्या जस्ती पत्र्यापेक्षा पुष्कळ टिकतो. पण जनावरांच्या मुताचा आणि शेणाचा अमोनिया, ओलं सिमेंट यांच्याशी त्याचं जमत नाही. म्हणून गोठा किंवा विट्याकडे असतात तसली पोल्ट्रीची शेडं यांना तो पत्रा घेताना रंगाचा चांगला थर आतूनही आहे ना, हे बघावं आणि कंपनीच्या हमीपत्रात जनावरांच्या शेडचा अपवाद लिहिलाय का तेही वाचावं. बेदाणा करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. सोनेरी रंगासाठी गंधकाची धुरी देतात, तो धूर ओलीत मिसळला की आम्ल होतं आणि स्क्रूच्या भोकांपासून पत्रा खायला लागतो. धुरीची खोली शेडपासून वेगळी, विटांची असावी. खतांचंही तेच. पोटॅश आणि अमोनियाची खतं हवेतली ओल ओढतात आणि खांबाच्या पायाशी विरघळून बसतात. मामांच्या वहीतला "एका कोपऱ्यात खत" हा भाग मी खोडला. खताला बाहेर छोटी वेगळी खोली दिली.

कोटेशन कसं वाचायचं

दर चौरस फुटाला असेल तर पोलाद कमी वापरण्यात देणाऱ्याचा फायदा, किलोला असेल तर जास्त वापरण्यात. म्हणून दोन्ही आकडे मागायचे: एकूण वजन किती आणि एकूण रक्कम किती. आपल्याकडच्या साध्या शेतीच्या शेडाला चौरस मीटरला २५ ते ३५ किलो पोलाद लागतं. त्याहून खूपच कमी असेल तर का, हे विचारायचं.

पत्र्याची जाडी ०.५० मिलिमीटर लिहिलेली असते. ती मुलामा आणि रंग धरून की नुसत्या पोलादाची, हे लिहून घ्या. धरून असेल तर आतलं पोलाद ०.४५ पेक्षाही थोडं कमी भरू शकतं. मायक्रोमीटर महाग नसतो, माल उतरताना दोन-चार ठिकाणी लावून बघा. कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यात वाऱ्याची ओढ मधल्यापेक्षा बरीच जास्त असते, तिथं स्क्रू दाट हवेत. ड्रॉइंगमध्ये सगळीकडे सारखंच अंतर दाखवलं असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

पावसाच्या पाण्याचा विचार बहुधा शेवटी होतो आणि पन्हाळ अरुंद राहते. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर या छपरावरून तासाला ५५ हजार लिटर पाणी उतरतं. जत-आटपाडीकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असं मानलं, तरी एवढ्या छपरावरून सव्वादोन लाख लिटर शेततळ्यात नेता येतं. दुष्काळी तालुक्यात फक्त एवढ्यासाठीही पन्हाळ नीट करावी.

रस्ताही मोजून घ्या. कारखान्यातून चाळीस फुटी ट्रेलर येतो आणि आपली पाणंद वळणावर बारा फुटांची असते. आधी सांगितलं तर तुकडे लहान करून पाठवतात, जोड वाढतात, थोडा खर्च वाढतो. ऐनवेळी कळलं तर क्रेन दोन दिवस रस्त्यावर उभी राहते आणि भाडं आपल्या माथी. ऊस तुटायच्या दिवसांत तारीख तर धरूच नका.

परवानगीचं थोडक्यात सांगते. स्वतःचा शेतमाल, अवजारं ठेवायला बांधलेलं शेड हा शेतीचाच वापर मानला जातो, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतावरच्या इमारतीची तशी व्याख्या आहे. पण दुसऱ्यांचा माल भाड्यानं ठेवायचा म्हटलं की वापर बदलतो आणि परवानगीही बदलते. पाया खोदण्याआधी तलाठी आणि तहसील कार्यालयात लेखी विचारून ठेवावं. पैशांसाठी बँकेत कृषी पायाभूत सुविधा निधीबद्दल विचारा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत गोदामासारख्या कामांना २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत ठरवलेली आहे. आणि माल ठेवायला जागा नाही म्हणून पडत्या भावात विकावा लागतो असं ज्यांचं दुखणं आहे, त्यांनी शेड बांधण्याआधी पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही बघावी. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. काहींचं तेवढ्यावरच भागतं, आणि मग शेड अर्ध्या आकाराचं पुरतं.

मामांनी शेवटी पीईबीच घेतलं, पण साठ बाय शंभरचं साठ बाय ऐंशी केलं आणि वाचलेले पैसे जोत्यात आणि ग्लासवूलमध्ये घातले. काँक्रीट ओतायच्या दिवशी मी सकाळीच गेले. बोल्टांसाठी कारखान्यानं पाठवलेला लोखंडी साचा गवंड्यानं बाजूला ठेवला होता, दोरी लावून अंदाजानं बसवतो म्हणत होता. साचा बसवायला लावला. कारखान्याची भोकं मिलिमीटरच्या हिशेबात पाडलेली असतात. बोल्ट बोटभर सरकला तरी फ्रेम बसत नाही, मग गॅस कटरनं भोक मोठं करतात, आणि त्या खांबाच्या वाट्याची तीन टनांची ओढ त्या फाटक्या भोकावर येते. मामांनी टेप धरला, मी कर्ण मोजले. एका कर्णात अठरा मिलिमीटरचा फरक निघाला. साचे हलवून तो तीनवर आणेपर्यंत साडेदहा वाजले होते. मग मामांनी मिक्सरवाल्याला हात केला.